वेशीबाहेरची खळबळ : सौरवात आणि पृथ्वीचे चुंबकवेष्टन

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड येथे शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्तच आहे. ज्या गावात पावसाचे, कापसाच्या भावाचे आणि पाण्याच्या पाळीचे प्रश्न दारात उभे असतात, त्या गावात पृथ्वीपासून साठ-सत्तर हजार किलोमीटरवरच्या एका अदृश्य पट्ट्याविषयी बोलण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. पाऊस कुठे सरकतो आहे हे दाखविणारी ढगांची चित्रे इन्सॅट मालिकेतील उपग्रह पाठवितात. भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार आता साखळी घेऊन येत नाही, तो रोव्हर नावाचे यंत्र घेऊन येतो आणि ते यंत्र उपग्रहांच्या संदेशावरून बांधाची जागा ठरविते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, तिचाही आधार उपग्रहांचाच. आपल्या सातबाऱ्याचा आणि आभाळाचा असा थेट संबंध आपल्या आजोबांच्या काळी नव्हता. तो आता जडला आहे, आणि म्हणून त्या आभाळात काय घडते याची थोडी चौकशी करणे प्राप्त आहे.

सूर्यापासून प्रकाश आणि उष्णता येते हे सर्वांस ठाऊक आहे. सूर्यापासून वाराही वाहतो, ही गोष्ट मात्र १९५८ सालापर्यंत शास्त्रज्ञांनाही नीट पटलेली नव्हती. त्या वर्षी युजीन पार्कर या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने गणिताने असे दाखविले की, सूर्याचे बाह्य वातावरण इतके तप्त आहे की ते स्वस्थ राहूच शकत नाही, ते सतत बाहेर वाहत गेले पाहिजे. त्याचा निबंध दोन परीक्षकांनी नापसंत केला होता. ज्या नियतकालिकाकडे तो आला होता त्याचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. गणितात चूक सापडत नाही, मग केवळ निष्कर्ष आवडत नाही म्हणून निबंध परत का करावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी तो छापला. पुढे रशियाच्या ल्यूना यानांनी १९५९ मध्ये आणि अमेरिकेच्या मरिनर-२ यानाने १९६२ मध्ये हा वारा प्रत्यक्ष मोजला. यालाच सौरवात म्हणतात.

हा वारा आपल्या ओळखीच्या वाऱ्यासारखा नाही. तो प्लाझ्माचा आहे. घन, द्रव आणि वायू या तीन अवस्था मुलांना शाळेत शिकविल्या जातात. वायू अतिशय तापविला की त्याच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धन व ऋण विद्युत्भार असलेल्या कणांचे एक मिश्रण तयार होते. ही चौथी अवस्था, म्हणजे प्लाझ्मा. आपल्या परिभाषेत तिला आयनद्रायू असेही नाव आहे. वीज चमकते तेव्हा, वेल्डिंगच्या ठिणगीत, ट्यूबलाइटच्या नळीत प्लाझ्माच असतो. पृथ्वीजवळ सौरवाताचा वेग सरासरीने सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो आणि तो इतका विरळ असतो की एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण सापडतील. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. प्रकाशाला तेथून यायला आठ मिनिटे लागतात, या वाऱ्याला चार दिवस लागतात. येताना तो सूर्याचे चुंबकी क्षेत्रही आपल्याबरोबर ओढून आणतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पुलाच्या खांबापुढचे पाणी

पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे. तिचे चुंबकी क्षेत्र अवकाशात दूरवर पसरलेले असते, आणि ज्या प्रदेशात त्याची सत्ता चालते त्यास चुंबकांबर म्हणतात. सौरवात या चुंबकांबरावर येऊन आदळतो तेव्हा काय होते ते समजून घेण्यासाठी आपल्याला लांब जायला नको. गोदावरीला पूर आला असता शहागडच्या पुलावर उभे राहून ज्यांनी खाली पाहिले आहे, त्यांनी खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी कसे फुगते ते पाहिले असेल. वेगाने आलेले पाणी खांबाला टेकण्यापूर्वीच उंचावते, फेसाळते, गरगरते आणि मग खांबाच्या दोन्ही अंगांनी निघून जाते. खांबाला जे लागते ते वरून आलेले स्वच्छ धारेचे पाणी नव्हे. या खळबळलेल्या पट्ट्यातून गेलेले पाणी लागते.

पृथ्वीच्या चुंबकांबरापुढेही असाच एक खळबळीचा पट्टा आहे. इंग्रजीत त्याला मॅग्नेटोशीथ म्हणतात, आपण त्याला चुंबकवेष्टन म्हणू. सूर्याच्या दिशेला, पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ९० हजार किलोमीटरवर, सौरवात एकदम मंदावतो. त्या जागी धनुष्याच्या आकाराची एक आघातसीमा असते. तेथून आत, सुमारे ६४ हजार किलोमीटरवर, चुंबकांबराची खरी सीमा लागते. या दोहोंमधील पट्टा म्हणजे चुंबकवेष्टन. सूर्यासमोर त्याची जाडी वीस-पंचवीस हजार किलोमीटर भरते, बाजूंना ती वाढत जाते. गावाच्या भाषेत सांगायचे तर चुंबकसीमा ही वेस आहे, आणि चुंबकवेष्टन हे वेशीबाहेरचे मैदान. आलेला प्रत्येक पाहुणा, चोर असो की साव, आधी या मैदानात थांबतो, आणि येथे त्याचे रूप पालटते. आघातसीमेचा छडा प्रथम अमेरिकेच्या आय.एम.पी.-१ या उपग्रहाने लावला. तो १९६३ च्या नोव्हेंबरात सोडला होता आणि त्यावरील चुंबकमापक नॉर्मन नेस यांचा होता.

शिक्षकमित्रांनी आघातसीमेचा एक प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. त्याला खर्च नाही. सपाट ताट नळाखाली धरावे आणि बारीक, सरळ धार त्याच्या मध्यावर पडू द्यावी. धार पडते तेथून पाणी पातळ थराने, अतिशय वेगाने सर्व बाजूंना पसरते. थोड्या अंतरावर एक गोल कडे दिसते, आणि त्या कड्याच्या बाहेर पाणी एकदम जाड व संथ झालेले असते. कड्याच्या आत पाणी त्याच्या पृष्ठावरील लाटेपेक्षा अधिक वेगाने धावत असते, म्हणून पुढच्या अडथळ्याची वर्दी लाटेमार्फत मागे पोहोचू शकत नाही. वर्दी न मिळाल्यामुळे पाण्याला हळूहळू वेग कमी करता येत नाही, ते एका जागी एकदम अडखळते. सौरवाताचे नेमके असेच होते. प्लाझ्मामध्ये ज्या वेगाने लाटा जातात त्याच्या कित्येक पट वेगाने तो येत असतो. पुढे पृथ्वी आहे ही बातमी त्याला आधी कळत नाही.

आघातसीमा ओलांडताच वाऱ्याची दाटी वाढते. ती जास्तीत जास्त चौपट होऊ शकते, असा सिद्धान्त आहे. बरोबर आलेले चुंबकी क्षेत्रही त्याच प्रमाणात आवळले जाते. पृथ्वीच्या अगदी समोर वेग सेकंदाला ४०० किलोमीटरवरून शंभराच्या आसपास उतरतो. गेलेला वेग कुठे जातो? तो उष्णतेत जातो. सौरवाताचे जे प्रोटॉन सुमारे लाखभर अंशांचे होते ते येथे दहा-वीस लाख अंशांचे, कधी त्याहूनही अधिक तप्त होतात. आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. कण इतके विरळ आहेत की तेथे ठेवलेला पाण्याचा पेला या उष्णतेने कोमटही होणार नाही.

धक्क्यावाचून आघात

आता जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात या विषयाचे खरे मर्म आहे. नदीचे पाणी अडखळते ते पाण्याचे कण एकमेकांवर आपटतात म्हणून. गाडीत पुढचा थांबला की मागचा त्याच्या अंगावर जातो, तसे. सौरवाताचे कण मात्र इतके दूर दूर आहेत की सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या साऱ्या प्रवासात एखाद्या कणाची दुसऱ्याशी टक्कर जेमतेम एकदा होईल. मग हे सगळे कण एका ठरावीक सीमेवर एकदम मंदावतात कसे? एकाने दुसऱ्याला धक्का दिलेला नाही, तरी सारी गर्दी थबकते.

याचे उत्तर असे की, हे कण विद्युत्भारित असल्यामुळे त्यांची हालचाल विद्युत् आणि चुंबकी क्षेत्रे निर्माण करते, आणि ती क्षेत्रे उलट सर्व कणांना एकदम हुकूम देतात. टकरीचे काम येथे क्षेत्रे करतात. अशा आघाताला टक्कररहित आघात म्हणतात. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतही असेच आघात होतात, पण तेथे जाऊन मोजमाप करणे मनुष्याला शक्य नाही. आपल्या वेशीबाहेरचा आघात मात्र हाताशी आहे, म्हणून जगातील खगोलशास्त्रज्ञ त्याला एक आयती प्रयोगशाळा मानतात.

टकरी नसल्याचा आणखी एक परिणाम होतो. साध्या हवेत उष्णता सर्व दिशांना सारखी वाटली जाते, कारण टकरी ती वाटून देतात. चुंबकवेष्टनात वाटून देणारा कोणी नाही. आघातातून बाहेर पडलेले कण चुंबकी रेषेला आडवे अधिक जोराने फिरतात आणि रेषेच्या दिशेने कमी जोराने धावतात. ही विषमता फार वाढली की प्लाझ्मा ती सहन करीत नाही, त्यात लाटा उठतात. त्यांतील एक प्रकार मोठा मनोरंजक आहे. ज्वारीने भरलेल्या एका लांब थैलीला जागोजाग सुतळी आवळून बांधावी, म्हणजे मध्ये फुगवटे आणि बांधलेल्या जागी मान तयार होते. चुंबकवेष्टनातही चुंबकी रेषा अशाच जागोजाग आवळल्या जातात. मानेशी क्षेत्र प्रबळ असते आणि कण थोडे, फुगवट्यात क्षेत्र दुबळे असते आणि कण दाटलेले. त्या पट्ट्यातून जाणाऱ्या यानाच्या नोंदीत चुंबकी क्षेत्राची रेघ खाली गेली की कणसंख्येची रेघ वर चढलेली दिसते, आणि उलट. फुगवट्यात सापडलेला कण मानेशी गेला की तेथून परत फेकला जातो, आरशावरून कवडसा परतावा तसा. म्हणून या रचनांना आरसा-लहरी असे नाव पडले आहे.

सौरवाताबरोबर आलेले चुंबकी क्षेत्र जेव्हा सूर्य-पृथ्वी रेषेला जवळजवळ समांतर असते, तेव्हा तर समोरची आघातसीमा नीटस राहतच नाही, ती विस्कटते. तिच्या विस्कटलेल्या भागांतून वाऱ्याचे काही झोत फारसे न मंदावता आत घुसतात आणि थेट चुंबकसीमेवर आदळतात. अशा झोताची रुंदी पृथ्वीच्या त्रिज्येइतकी, म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या आसपास, असू शकते. झोत आदळला की चुंबकसीमा लोहाराच्या भात्यासारखी आत दबून पुन्हा बाहेर येते.

वेस उघडते केव्हा?

पृथ्वीचे चुंबकी क्षेत्र चुंबकसीमेवर, सूर्यासमोर, उत्तरेकडे रोखलेले असते. बाहेरून येऊन सीमेला टेकलेले क्षेत्रही उत्तरमुखी असेल तर दोन्ही शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने राहतात आणि वारा बाजूने निघून जातो. ते दक्षिणमुखी असेल तर मात्र दोन्ही क्षेत्रे एकमेकांस छेदून नव्याने जोडली जातात. सूर्याकडची रेषा पृथ्वीच्या रेषेला जोडली जाते, वेस उघडते, आणि सौरवाताची ऊर्जा आत येऊ लागते. मोठी चुंबकी वादळे होतात ती याच वाटेने. अमेरिकेने २०१५ च्या मार्चमध्ये एम.एम.एस. नावाची चार याने एकदम सोडली. ती एकमेकांपासून अवघ्या सात-आठ किलोमीटरवर राहून उडू शकतात. त्यांनी ही जोडणी अगदी जवळून, इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर पाहिली, आणि २०१८ मध्ये असेही दाखविले की चुंबकवेष्टनाच्या खळबळीत अशा लहान लहान जोडण्या चालू असतात, ज्यांत जड आयन भागच घेत नाहीत, केवळ इलेक्ट्रॉन घेतात.

आता मुख्य मुद्दा पाहा. वेशीवर कोण आले हे ठरते ते सूर्यापासून काय निघाले यावरून, पण तेवढ्यावरूनच नव्हे. वेशीबाहेरच्या मैदानात त्याचे काय झाले, यावरही ते ठरते. चुंबकवेष्टनात क्षेत्र आवळले जाते, वळते, पृथ्वीभोवती लपेटले जाते, खळबळीत काही क्षण उलटेही होते. दूरवर मोजलेला वारा आणि वेशीवर पोहोचलेला वारा एकच नसतो. वादळाचा अंदाज अनेकदा चुकतो, त्यामागे इतर कारणे आहेतच, पण हे एक मोठे कारण आहे.

शेजारच्या ग्रहांची स्थिती

ही व्यवस्था पृथ्वीपुरतीच नाही. बुधाचे चुंबकी क्षेत्र इतके दुबळे आहे की त्याची चुंबकसीमा त्याच्या पृष्ठभागापासून साधारण हजार किलोमीटरवरच असते, वाऱ्याचा जोर वाढला की ती जमिनीलगत येते. गुरूचे चुंबकांबर उलट इतके अफाट आहे की ते डोळ्यांना दिसू शकले असते तर रात्रीच्या आकाशात चंद्राहून मोठे दिसले असते. शुक्र आणि मंगळ यांना स्वतःचे सर्वव्यापी चुंबकी क्षेत्र नाही. तेथे वातावरणाचा वरचा, विद्युत्भारित थरच सौरवाताला अडवितो. तरीही आघातसीमा होते आणि तिच्यामागे वेष्टनही होते. फरक एवढाच की तेथे वेस वाड्याच्या भिंतीला लागूनच आहे.

मंगळाने आपले पुष्कळसे वातावरण गमावले आणि त्यात सौरवाताचा हात होता, हे मेव्हन या यानाने मोजून दाखविले आहे. यावरून चुंबकी क्षेत्र नसेल तर वातावरण टिकतच नाही, असे सरसकट विधान काही पुस्तकांत केलेले आढळते. ते घाईचे आहे. शुक्रालाही चुंबकी क्षेत्र नाही, पण त्याचे वातावरण पृथ्वीच्या कित्येक पट दाट आहे. मुलांना शिकविताना ही दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवावीत, म्हणजे निसर्गाला एकाच कारणाने कोंडता येत नाही हे त्यांच्या आपोआप ध्यानी येईल.

मंगळाच्या वेष्टनाच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. तेथील संशोधकांनी मेव्हनने ९ फेब्रुवारी २०१५ रोजी मंगळाभोवती पाच फेऱ्यांत नोंदविलेली विद्युत्क्षेत्राची मापने तपासली आणि त्यांत सुमारे ४५० एकाकी लहरी शोधून काढल्या. एकाकी लहर म्हणजे एकटीच धावणारी, आपला आकार न मोडणारी लाट. मंगळाच्या वर हजार ते साडेतीन हजार किलोमीटरच्या टापूत त्या सापडल्या. यान परदेशाचे, माहिती सर्वांना खुली, आणि शोध पनवेलला लागला. ज्ञानाच्या क्षेत्रात साधनांची मालकी आणि बुद्धीची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे म्हणावयास यामुळे जागा मिळते.

कुलाबा आणि अलिबाग

या संस्थेचे मूळ फार जुने आहे. मुंबईत कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राची नियमित मापने सुरू झाली. १८५९ च्या सप्टेंबरच्या १ तारखेला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिर्विदाला सूर्यावर एक प्रखर ज्वाला दिसली. तिच्यानंतर अठरा तासांच्या आतच पृथ्वीवर चुंबकी वादळ सुरू झाले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या, काही तारा बॅटरी काढून घेतल्यावरही चालू राहिल्या. त्या वेळी कुलाब्याला यंत्रापुढे मनुष्य बसलेला होता. स्वयंचलित नोंद तेव्हा तेथे नव्हती. एरवी तासातासाने, आणि सुई अस्वस्थ झाली की त्याहून जवळजवळच्या अंतराने, डोळ्यांनी वाचून आकडे वहीत लिहिले जात.

त्या वहीतील आकड्यांनी पुढे मोठे काम केले. सुमारे दीडशे वर्षांनी, २००३ साली, गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्या जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याचे आडवे चुंबकी क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आले होते, म्हणजे मूळ मूल्याच्या साधारण चार टक्के. या घटीतील किती भाग पृथ्वीभोवती वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा आणि किती इतर कारणांचा, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. परंतु त्या दिवसाची विषुववृत्ताकडच्या प्रदेशातील अशी नोंद जगाला मिळाली ती कुलाब्यामुळे. वेशीबाहेर त्या दिवशी काय घडले असेल, याचा अंदाज आज बांधला जातो तो या वहीवरून. वही लिहिणाऱ्यांना चुंबकवेष्टन म्हणजे काय हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी वेळेवर आकडा लिहिला, एवढेच.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने कुलाब्याची सूक्ष्म यंत्रे भ्रष्ट झाली असती. वेधशाळेचे तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती समुद्रापलीकडे अलिबागला. तेथील इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली. १९०४ पासून अलिबागला मापने सुरू झाली, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा निखळू नये. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ साली. कचेरीचे दप्तर एका इमारतीतून दुसरीत हलविताना कोणते कागद गहाळ झाले याचा शोध घेण्यात ज्यांचे दिवस गेले आहेत, त्या अधिकारी मित्रांना या दोन वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको.

१९७१ साली भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. अलिबागची नोंद अखंड चालू आहे. कुलाबा आणि अलिबाग मिळून तिला १८० वर्षांहून अधिक काळ झाला, आणि जगात इतकी लांब मालिका फार थोड्या ठिकाणी आहे.

आपल्यापर्यंत काय पोहोचते

वादळांचे परिणाम दूरच्या देशांत अधिक होतात, हे खरे. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली आणि सुमारे साठ लाख लोक अंधारात राहिले. आपण विषुववृत्ताच्या बाजूला असल्यामुळे विजेच्या जाळ्याला आपल्याकडे धोका त्या मानाने कमी आहे. उपग्रहांचे तसे नाही. इन्सॅट उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून ४२ हजार किलोमीटरवर असतात. एरवी चुंबकसीमा त्यांच्या खूप पलीकडे, ६४ हजारांवर असते, म्हणून ते गावकुसाच्या आत सुरक्षित असतात. पण सौरवाताचा दाब फार वाढला की सीमा आत ढकलली जाते आणि दिवसाच्या बाजूचे उपग्रह काही काळ चक्क चुंबकवेष्टनात सापडतात. घर जागच्या जागी असते आणि गावकूसच मागे सरकते, असा हा प्रकार आहे.

फार मोठे वादळच लागते असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ गमावले गेले. वादळ मध्यमच होते, परंतु त्याने वरचे वातावरण तापून फुगले आणि नुकतेच सोडलेले, खालच्या कक्षेतील उपग्रह त्याच्या घर्षणाने खाली ओढले गेले. १० मे २०२४ चे वादळ मात्र २००३ नंतरचे सर्वांत मोठे होते. लडाखमध्ये हानले येथून आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहांच्या खुणेवर सरळ रेषेत चालणारे ट्रॅक्टर भरकटले आणि अनेक शेतकऱ्यांना काम थांबवावे लागले. आपल्याकडे अजून पाभरीला उपग्रह लागत नाही. मोजणीच्या रोव्हरला मात्र लागतो. उपग्रहाचा संदेश ज्या विद्युत्भारित थरातून खाली येतो तो वादळात अस्थिर होतो, आणि आपल्या अक्षांशावर हा थर एरवीही, विशेषतः सूर्यास्तानंतर, चंचल असतो. मोठ्या वादळाच्या दिवशी घेतलेली मोजणी दुसऱ्या दिवशी पडताळून पाहिली तर बांधावरचे एखादे भांडण वाचेल. होकायंत्राकडे पाहून वादळ ओळखू असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या सुईत आपल्या डोळ्यांना काही दिसणार नाही.

शेवटची चार-पाच मिनिटे

भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ हे यान श्रीहरिकोट्याहून सोडले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. त्यावर सात उपकरणे आहेत. सूर्याची जंबुपार प्रकाशातील चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे. सौरवाताचे कण मोजणारी उपकरणे अहमदाबाद आणि तिरुवनंतपुरम येथील आहेत, आणि चुंबकमापक बंगळुरूचा आहे. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने आलेला वारा आदित्यजवळून निघाला की पृथ्वीपर्यंत यायला त्याला सुमारे एक तास लागतो. म्हणजे आपल्याला एका तासाची आगाऊ वर्दी मिळते. वादळाचा वारा वेगाचा असला तर ती अर्ध्या तासावर येते.

या तासाच्या शेवटी वारा आघातसीमा ओलांडतो, आणि तेथून चुंबकसीमेपर्यंत यायला त्याला आणखी चार-पाच मिनिटे लागतात. आदित्यने मोजलेला वारा याच मिनिटांत बदलतो. अलिबागची सुई हलते ती त्यानंतर, जे घडायचे ते घडून गेल्यावर. एका टोकाला आदित्य, दुसऱ्या टोकाला अलिबाग, आणि मधल्या पट्ट्यात कायमचा पहारेकरी कोणी नाही. तेथून जाणारी याने आपल्या कक्षेत फिरताना अधूनमधून तो पट्टा ओलांडतात, आणि एका वेळी एकाच जागेची माहिती देतात. साऱ्या मैदानात एकाच वेळी काय चालले आहे हे त्यांना कळत नाही, जसे आठवडी बाजारातून चालत जाणाऱ्या एका माणसाला साऱ्या बाजाराचा भाव कळत नाही.

या अडचणीवर एक उपाय निघाला आहे. सौरवातात थोडे जड आयनही असतात. पृथ्वीभोवती फार दूरपर्यंत हायड्रोजनचा अतिविरळ पसारा आहे. हे आयन त्या हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात तेव्हा मंद क्ष-किरण बाहेर पडतात. चुंबकवेष्टनात आयनांची दाटी अधिक असल्यामुळे ते वेष्टन क्ष-किरणांत अंधुकसे उजळते, आणि चुंबकसीमेच्या आत तो उजेड एकदम मावळतो. युरोप आणि चीन यांनी मिळून आखलेल्या स्माइल या यानाचे प्रयोजनच हे आहे की, दूर उभे राहून या उजेडाचे चित्र घ्यावे आणि वेस कुठे आहे, ती आत सरकते की बाहेर, हे एका दृष्टिक्षेपात पाहावे. आदित्यची आधीची नोंद, हे चित्र आणि अलिबागची नंतरची नोंद, अशा तिन्ही गोष्टी एकाच वादळासाठी शेजारी मांडता आल्या, तर मधल्या त्या चार-पाच मिनिटांचा हिशेब प्रथमच पुरा जुळविता येईल.